काट्याआधी पाणी द्या

वजनकाट्यावर चढण्याआधी पोराचं पाणी तोडणाऱ्या माणसाला गुरुजी म्हणू नका. तो प्रशिक्षक नव्हे.

इतकं तोंडावर लिहायचं कारण आहे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्णा तालुक्यात धान निघालं, बांध्या मोकळ्या झाल्या की गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. झाडीपट्टीच्या नाटकांचा आणि शंकरपटांचाही हाच हंगाम. कबड्डीच्या पोस्टरवर दोन गट असतात, एक खुला आणि एक वजनाचा. वजनगटाचे पोट्टे धानाचं पोतं मोजायच्या काट्यावर एकेक करून चढतात. त्यातले काही जण त्याच्या आधी दोन-दोन स्वेटर आणि वरून रेनकोट घालून डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात. कुणी सकाळपासून घोटभर पाणी घेतलेलं नसतं. कुणी वजन उतरावं म्हणून सारखा थुंकत असतो. विचारलं तर मोबाईल पुढे करतात: विदेशातले फायटर असंच करतात.

पोरांनी बरोबर पाहिलं. ते असंच करतात. म्हणून आधी तो खेळ आणि त्यातला काटा नीट समजून घेऊ.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. ठोसा, लाथ, कुस्तीची पकड, गळ्याचा फास, सगळं एकाच लढतीत. नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेत डेन्व्हर इथे यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या कंपनीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा वजनाची अट नव्हतीच. पावणेदोनशे किलोच्या वरचा एक सुमो पैलवान आणि त्याच्या निम्म्या वजनाचा माणूस समोरासमोर उभे केले गेले. त्या लढतीत सुमोचा दात उडाला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत ती संपली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, राज्यांनी बंदीची भाषा सुरू केली. मग फेब्रुवारी १९९७ मध्ये यूएफसीने दोन वजनगट केले, आणि २०००-२००१ च्या सुमारास न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने सर्वांसाठी एक नियमावली आली. आजचे बहुतेक गट तिच्यातूनच आलेत. पुरुषांत फ्लायवेट ५६.७ किलोपर्यंत, बँटमवेट ६१.२, फेदरवेट ६५.८, लाइटवेट ७०.३, वेल्टरवेट ७७.१, मिडलवेट ८३.९, लाइट हेवीवेट ९३ आणि हेवीवेट १२०.२ किलोपर्यंत. बायकांचा यूएफसीतला सर्वांत हलका गट ५२.२ किलोचा. उत्तर प्रदेशची पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, ती याच गटात.

गट कशासाठी केले? लहान माणसाला मोठ्याने चिरडू नये म्हणून. हेतू इतका स्वच्छ होता. मग बिघडलं कुठे?

बिघडलं वजनाच्या वेळेत. काटा लागतो लढतीच्या आदल्या दिवशी. एरवी ऐंशी किलोचा असणारा माणूस आदल्या दिवशी सकाळी काट्यावर ७०.३ दाखवतो, मग रात्र-दिवस पाणी, मीठ, भात पोटात भरतो आणि दुसऱ्या रात्री पिंजऱ्यात अठ्ठ्याहत्तरचा होऊन उतरतो. कागदावर तो लाइटवेट असतो. समोरचा खरोखर सत्तरचा असेल तर त्याच्यासमोर आठ किलोची लबाडी उभी असते. मग समोरचाही तेच करायला लागतो. आता सगळेच करतात. सगळ्यांनी केल्यावर फायदा कुणालाच उरत नाही, धोका मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतो. या सगळ्या प्रकारातला मला सर्वांत चीड आणणारा भाग हाच आहे.

दहा किलो चरबी आठवड्यात जात नाही. जातं ते पाणी. त्याची एक ठरलेली रीत आहे. आधी भात-पोळी बंद, कारण शरीर जी साखर साठवून ठेवतं तिच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. मीठ बंद. मग काही दिवस मुद्दाम भरमसाट पाणी प्यायचं, मूत्रपिंडाला सतत बाहेर टाकायची सवय लावायची, आणि ऐनवेळी पाणी एकदम तोडायचं. शरीर सवयीने बाहेर टाकतच राहतं. शेवटच्या रात्री उरलेलं पाणी ओलं फडकं पिळावं तसं काढतात: गरम पाण्याचा टब, वाफेची खोली, घाम बाहेर न सोडणारा रबरी सूट. त्या रात्री कुणी तरी सोबत ठेवावं लागतं, कारण टबातून उठताना माणूस कोसळतो.

रक्त घट्ट होतं. हृदयाला तेच काम जास्त ठोके मारून करावं लागतं. अंगातली उष्णता घामाने बाहेर पडते, आणि घामच उरत नाही तेव्हा ती आतच कोंडते. पाणी एका दिवसात परत पिता येतं, पण शरीर ते एका दिवसात सगळीकडे नीट पोचवत नाही. अशा अवस्थेत डोक्यावर ठोसे खायचे म्हणजे मेंदूशी खेळ, असं डॉक्टर सांगत आलेत.

आता खुद्द काट्याचा सोहळा. यूएफसीत अधिकृत वजन सकाळी होतं, साधारण दोन तासांच्या मुदतीत, राज्याच्या क्रीडा आयोगाच्या माणसांसमोर. संध्याकाळी प्रेक्षकांपुढे छाती फुगवून उभं राहतात तो नुसता देखावा, निकाल सकाळीच लागलेला असतो. साध्या लढतीत एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, सूट मिळते. किताबाच्या लढतीत काहीच नाही. वजन चुकलं तर मानधनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, प्रतिस्पर्ध्याला जातो आणि त्याची तयारी असेल तर लढत होते. मे २०२२ मध्ये ब्राझीलचा चार्ल्स ओलिव्हिएरा अर्धा पौंड जास्त भरला, सव्वादोनशे ग्रॅम. किताब काट्यावरच गेला. लढत तो जिंकला, पट्टा मात्र मिळाला नाही. उलट एप्रिल २०१७ मध्ये बफेलोत डॅनिएल कॉर्मियर १.२ पौंड जास्त भरला, आणि दोनच मिनिटांनी काट्यावर परत येऊन बरोबर बसला. मधल्या काळात काय घटलं? त्याच्यासमोर आडपडदा म्हणून टॉवेल धरला होता आणि त्याचे हात त्या टॉवेलवर टेकलेले सगळ्या जगाने पाहिले. पंचांनी ते वजन मान्य केलं. एका माणसाचा किताब अर्ध्या पौंडाने जातो, दुसऱ्याचा टॉवेलने वाचतो. असा काटा न्याय काय देणार?

आणि हे फक्त पट्ट्यापुरतं नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये रिओ दी जानेरोत लेआंद्रो सोझा हा सव्वीस वर्षांचा लढवय्या वजनाच्या काही तास आधी मेला. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात यांग जियान बिंग हा एकवीस वर्षांचा चिनी पोरगा पाणी तोडून वजन उतरवताना कोसळला आणि गेला. त्याच्या लढतीचा भोंगा वाजलाच नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला जेसिका लिंडसे ही अठरा वर्षांची मुलगी मुए थाईच्या लढतीसाठी वजन घटवायला पळत होती. तीही गेली. तिघांपैकी एकालाही समोरच्याचा ठोसा लागला नव्हता.

उपाय नाहीत असं कुणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. यांग ज्या कंपनीच्या स्पर्धेत लढणार होता तिने, वन चॅम्पियनशिपने, तो गेल्यावर नियम बदलले. पाणी तोडून वजन उतरवायला बंदी, गट खेळाडूच्या रोजच्या चालत्या-फिरत्या वजनावर, आणि काट्यासोबत लघवीची तपासणी. लघवी किती घट्ट आहे ते एका आकड्यात कळतं. तो १.०२५ च्या वर गेला तर वजन बरोबर असूनही नापास. म्हणजे काट्यावर हलकं असणं पुरत नाही, अंगात पाणीही लागतं. त्यांनी गटांची नावं तीच ठेवून वजनं वर सरकवली. त्यांचा फ्लायवेट ६१.२ किलोचा आहे, यूएफसीच्या बँटमवेटएवढा.

त्याच्याही आधी, १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, अमेरिकेतले तीन कॉलेजकुमार पैलवान महिनाभरात एकामागोमाग मेले. तिघेही वजन उतरवत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने रबरी सूट आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या, हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाचं किमान सुरक्षित वजन ठरवलं आणि काटा लढतीच्या तास-दोन तास आधी आणला. पाणी भरून घ्यायला वेळच ठेवला नाही, की पाणी काढण्यात अर्थ उरत नाही.

कुणी म्हणेल, लढतीच्या दिवशीच वजन तर कुस्तीतही घेतात, मग विनेश फोगाटचं काय झालं? रास्त प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय कुस्तीत २०१८ पासून खेळाच्या दोन्ही दिवशी सकाळी काटा असतो. ६ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेशने ५० किलो गटात जपानच्या युई सुसाकीला हरवलं आणि अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या सकाळी ती शंभर ग्रॅम जास्त भरली. रात्रभर पळणं, घाम काढणं, केस कापणं, सगळं करून शंभर ग्रॅम. पदक गेलं, आणि १४ ऑगस्टला क्रीडा लवादाने तिचं अपीलही फेटाळलं. त्या आठवड्यात सारा देश त्या शंभर ग्रॅमवर बोलत होता. मला मात्र त्याच्या आधीचे तीन किलो दिसतात. विनेश २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५३ किलोत सुवर्ण जिंकली होती. ऑलिम्पिकला ५३ ची जागा दुसरीने मिळवली म्हणून तिला पन्नासात उतरावं लागलं. काट्याने तिच्याशी कपट केलं नाही. एवढ्या मोठ्या पैलवान बाईला तिच्या अंगाला न मावणाऱ्या गटात बसवणारी व्यवस्था त्या सकाळी उघडी पडली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने ५७ किलोच्या कांस्यलढतीआधी दहा तासांत ४.६ किलो उतरवले आणि पदक जिंकलं. आपण त्याचं कौतुक केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये झाग्रेबच्या जागतिक स्पर्धेत तोच अमन १.७ किलो जास्त भरला आणि न खेळता बाद झाला. आधी ज्या गोष्टीला जिद्द म्हटलं तिलाच वर्षभराने बेजबाबदारपणा म्हणायचं? पहिल्यांदाच विचारायला हवं होतं की दहा तासांत साडेचार किलो उतरवायची वेळ या पोरावर आणली कुणी.

आणि आपल्या खाशाबा जाधवांकडे पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनमध्ये फ्लायवेटमध्ये, ५२ किलोत, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये, ५७ किलोत, उतरले आणि कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. एक गट वर जाऊन आणलेलं. त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, आता राज्य क्रीडा दिन पाळतात. त्या दिवशी हार घालताना मुलांना हा तपशील सांगा. वरच्या गटात जाणं म्हणजे हरणं नव्हे, हे त्यांना दुसरं कोण सांगणार?

आता आपल्या जंगलाकडे.

चंद्रपूर आणि गडचिरोली. या दोन जिल्ह्यांत काट्याचा पहिला उपयोग काय? अंगणवाडीत पोराला झोळीत टांगून पाहायचं की ते जगण्याइतकं भरतंय का. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना आरोग्यदूत केलं, त्यांच्या हाती नवजात बाळाचं वजन करायचा ताणकाटा दिला, आणि घरच्या घरी बाळं वाचवता येतात हे दाखवलं. १९९९ मध्ये ते संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आमच्याकडे काट्याला असा मान आहे. एकेक ग्रॅम वाढला की आई हसते. आणि त्याच आईचा पोरगा पंधरा-सोळाचा झाला की आपण त्याला कबड्डीच्या गटात बसवायला दोन किलो उतरवायला सांगतो? ज्याच्या अंगावर मुळात चरबी नाही, तो उतरवणार काय? रक्तातलं पाणी.

याहून मोठा धोका वेगळा आहे, आणि तो मोबाईलमधला फायटर आपल्या पोरांना सांगणार नाही. सिकलसेल.

विदर्भातल्या आदिवासी आणि इतरही अनेक समाजांत रक्तातला हा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही तो आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. आजार असलेल्याच्या अंगात पाणी कमी झालं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडापर्यंत वेदना सुरू होतात. वाहकाला एरवी काही होत नाही. तो नांगर धरतो, सायकल हाणतो, कबड्डी खेळतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसतं. पण अंगात पाणी नाही, वर ऊन, आणि त्यात थांबायचं नाही असं ठरवून पळणं, हे तीन एकत्र आले की वाहकाचेही स्नायू फुटू शकतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, माणूस मैदानावर जाऊ शकतो. अमेरिकेत २००६ मध्ये डेल लॉइड नावाचा कॉलेजचा फुटबॉल खेळाडू सरावानंतर असाच गेला, तो वाहक होता. २०१० पासून तिथल्या मोठ्या कॉलेजांच्या खेळाडूंची ही तपासणी होऊ लागली. म्हणजे पाणी तोडणे, रेनकोट घालणे आणि पळणे, ही वजन उतरवायची सगळी रीत जणू वाहकाला आडवं करण्यासाठीच बेतलेली आहे. आणि आपण ती रीत आणतोय कुठे? जिथे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि वाहक गावोगाव आहेत, तिथे.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. वाहक पोराला संघातून काढू नका. तपासणीचा कागद त्याला घरी बसवायला नसतो. तो कागद गुरुजींसाठी असतो, म्हणजे त्यांनी त्याला जास्त पाणी, जास्त विसावा द्यावा, आणि ‘दम लागला’ म्हणाला की नाटक करतोस म्हणून ओरडू नये. याच चंद्रपूर जिल्ह्याच्या आश्रमशाळांतली आदिवासी मुलं मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली. त्यांच्यामागे महिनोन्‌महिने तयारी होती, त्यांना उपाशी-तहानलेलं ठेवून कुणी वर पाठवलं नव्हतं. आमच्या पोरांत दम कमी नाही. त्यांच्या अंगातला दम पाण्यासकट मैदानावर येऊ द्या एवढंच मागणं आहे.

मंडळांचे कार्यकर्ते माझ्या ओळखीचे आहेत, भले लोक आहेत. वर्गणी करतात, मैदान सारवतात, बाहेरगावच्या संघाला रात्री जेवू घालतात. त्यांचं म्हणणं असतं, ‘भाऊ, वजनगट नसला तर आमच्या बारक्या पोट्ट्यांना कोण खेळू देईल?’ खरं आहे. गट हवाच. राष्ट्रीय कबड्डीतही पुरुषांना ८५ किलोची आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा असते. मी गट मोडा म्हणत नाही, काट्याची वेळ बदला म्हणतो. आदल्या संध्याकाळी किंवा सकाळी सातला वजन घेऊन दुपारी तीनला सामना, हा प्रकार बंद करा. मैदानाच्या कडेलाच, संघ उतरायच्या तासभर आधी काटा लावा. संघ दोन दिवस टिकला तर दोन्ही दिवशी लावा आणि दुसऱ्या दिवशी किलोभर सूट द्या, कारण रात्री मंडळानेच त्यांना जेवू घातलेलं असतं. काट्याशेजारी पाण्याचा माठ ठेवा आणि प्यालेल्या पाण्याचं वजन धरायचं नाही असं आधीच जाहीर करा. रेनकोट घालून पळताना दिसलेला खेळाडू त्या दिवसापुरता बाद, आणि त्याला पळवणारा मोठा माणूस हंगामभर बाद. सोळाच्या आतल्या मुलांना तर किलोवर मोजूच नका. शाळेचा दाखला पाहा आणि वयावर गट करा. आणि ज्याचं वजन अर्धा किलो जास्त भरलं त्याला माघारी पळायला पाठवायचं नाही. खुल्या गटात नाव लिहा, त्याच दिवशी, वेगळी प्रवेश फी न घेता.

एमएमएसुद्धा आज ना उद्या इथे येईल. मुंबईत २०१२ ला सुपर फाइट लीग आली, २०१९ पासून मॅट्रिक्स फाइट नाइट आहे, आणि हॉटेलात काम करायला पुण्या-नागपूरला गेलेली आमची पोरं तिथल्या जिममध्ये ठोसे मारायला शिकतायत. शिकू द्या. चांगला खेळ आहे, हिंमत लागते, शिस्त लागते. पण अमेरिकेत निदान आयोगाचा डॉक्टर काट्याशेजारी उभा असतो. आपल्याकडे या खेळाच्या मागे असा सरकारी आयोग नाही. तोवर काट्याशेजारी कोण उभं राहील, हे आपणच ठरवायचं आहे.

सिकलसेलची पहिली तपासणी, सोल्युबिलिटी चाचणी, सरकारी दवाखान्यात होते. रक्ताचे काही थेंब लागतात. तीत संशय आला तर पुढची पक्की चाचणी होते. १ जुलै २०२३ ला केंद्राने मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिच्यात चाळीसच्या आतल्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. तेव्हा यंदा ज्या मंडळाला वजनगट ठेवायचा असेल त्याने पोस्टर छापायच्या आधी गावच्या आशाताईंना गाठावं, खेळाडूंची यादी द्यावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून तपासणीची तारीख घ्यावी. ही तारीख धान कापणीला लागण्याच्या आधीची घ्या. एकदा कापणी सुरू झाली की पोट्टे सापडत नाहीत.